उचललं की गुरगुरते: हा तिचा स्वभाव, की काही दुखतंय?

प्रश्न – कातरवेळ

पाच महिन्यांपूर्वी निवाऱ्यातून एक छोटी कुत्री घरी आणली. नाव चिंगी. वजन ७.४ किलो, तांबूस राठ केस, तोकडे पाय, एक कान उभा आणि एक दुमडलेला. आईबाप कोणत्या जातीचे, कुणालाच माहीत नाही. दात बघून डॉक्टरांनी वय चारच्या आसपास सांगितलं. लसी, नसबंदी सगळं झालेलं आहे.

एरवी फार गुणी आहे. सकाळी मी उठले की मागोमाग येते आणि घोट्याला ओलं नाक लावून उभी राहते. अनोळखी माणूस आला तर आधी दुरून भुंकते, मग अर्धं वर्तुळ करून मागून त्याचा वास घेते, आणि एकदा पटला की त्याच्या पायाशी झोपते. घरात एकही वस्तू तिनं कुरतडलेली नाही.

अडचण एकच. उचललं की गुरगुरते. पहिले दोन महिने निमूट उचलू द्यायची, नंतर हळूहळू सुरू झालं. मी दोन-तीनदा जोरात रागावले, तेव्हा गुरगुरणं थांबलं. मला वाटलं, समजलं तिला. पण मागच्या आठवड्यात माझ्या नऊ वर्षांच्या मुलीनं सोफ्यावरून तिला उचलायला हात घातला आणि आवाज न करता तिनं मनगटाला दात लावले. कातडी फुटली नाही, पण लाल वळ उठला. मुलगी रडली, चिंगी टेबलाखाली जाऊन बसली आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही.

सासूबाईंचं म्हणणं, रक्त मिश्र आहे, कुणाचं काय उतरलंय काय सांगावं. भाऊ म्हणतो, लहान कुत्री असतातच चिडकी, दाबून धर म्हणजे ताळ्यावर येईल.

आणखी दोन बारीक गोष्टी आहेत, त्या खरं तर वेगळ्या विचारायला हव्यात. फिरताना मधूनच मागचा डावा पाय वर घेऊन तीन-चार पावलं लंगडी घालते आणि लगेच नीट धावते. मुलं हसतात त्याला. आणि तोंडाला बराच वास येतो. कोरडं खाणं उचलून चटईवर नेते, मान एका बाजूला कलती करून चावते.

परत नेऊन द्यावी का, हा विचार मनात येऊन गेला. त्या रात्री झोप लागली नाही. स्वभाव असेल तर तो बदलतो का?


उत्तर – रानजाई

ताई, आज रात्रीपासून दोन गोष्टी करा. मुलीला आणि चिंगीला मोठं माणूस शेजारी असल्याशिवाय एकत्र ठेवू नका. आणि कुणीही तिला उचलू नका, अगदी प्रेमानंसुद्धा नाही. कधी दात लागून कातडी फुटलीच, तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरांकडे जायचं, तिच्या लसी झालेल्या असल्या तरी.

गुरगुरल्यावर रागावू नका. ती तिची सूचना होती. सूचना दिली की ओरडा बसतो, हे ती शिकली, म्हणून आता सूचना न देता दात लावते. बाकी सविस्तर इथले जाणते सांगतील.


उत्तर – दवबिंदू

कातरवेळ, तुमचा प्रश्न वाचताना मला माझंच घर दिसलं. ज्या दोन गोष्टी तुम्ही शेवटी 'बारीक' म्हणून लिहिल्यात, माझ्या मते तुमचं उत्तर तिथेच आहे.

माझी गोटी आता तेरा वर्षांची आहे. आली तेव्हा दोनची होती, ५.८ किलो, काळी-पांढरी, जातीचा पत्ता नाही. तीही उचलताना गुरगुरायची, आणि मी तब्बल एक वर्ष तिला हट्टी म्हणत राहिले. तीही अशीच लंगडी घालायची. मला ते गोड वाटायचं, मी त्याचे व्हिडिओ काढून बहिणीला पाठवायचे. एक दिवस सोफ्यावरून उडी मारली आणि किंचाळली. डॉक्टरांनी मागचा पाय हातात घेतला, अंगठ्यानं गुडघ्याची वाटी हलकेच दाबली आणि ती माझ्या डोळ्यांसमोर खोबणीतून बाजूला सरकली. पाय सरळ केला की परत जागेवर. लंगडी म्हणजे ती वाटी बाहेर असतानाची पावलं. परत बसली की कुत्रं पूर्ववत धावतं, म्हणून आपल्याला वाटतं काही झालंच नाही. लहान चणीच्या कुत्र्यांत हे फार आढळतं. चार श्रेणी असतात: पहिलीत वाटी हातानं ढकलली तरच सरकते, दुसरीत आपोआप सरकते आणि परत येते, तिसरीत बाहेरच असते पण हातानं बसवता येते, चौथीत बसवताही येत नाही. गोटी दुसरीत होती. वजन उतरवलं, स्नायूंचे व्यायाम केले, शस्त्रक्रियेविना चाललं. वरच्या श्रेणीत, किंवा दुखणं आणि लंगडणं वाढत गेलं तर शस्त्रक्रिया लागते.

त्याच भेटीत त्यांनी ओठ वर करून दात बघितले आणि गप्प झाले. वरची मोठी दाढ, जिनं कुत्रं हाड फोडतं, ती तडकलेली होती आणि मुळाशी पू झाला होता. त्या दाढेची मुळं थेट डोळ्याखाली असतात, म्हणून गोटीच्या डोळ्याखाली मधूनमधून सूज यायची. मी त्याला किडा चावला समजत होते. ती जेवत होती ना, मग दात दुखत कसे असतील, असं मला वाटायचं. कुत्रं दात दुखत असतानाही जेवतं. फक्त बाजू बदलतं, मान कलती करतं, घास नेऊन खाली ठेवतं. तुम्ही चिंगीचं हेच लिहिलंय.

आता विचार करा. गुडघा ठणकतोय, जबडा ठणकतोय, आणि दिवसातून दहा वेळा एक मोठा हात वरून येतो आणि जमीन सुटते. मोठ्या कुत्र्याला असं कुणी उचलत नाही. तो उठून दुसरीकडे जाऊ शकतो. लहान कुत्र्याच्या 'नको'ला घरात किंमतच नसते. ज्याला आपण चिडकेपणा म्हणतो त्यातला फार मोठा भाग इथून येतो, हे मी अकरा वर्षांत पाहिलंय. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठात प्राण्यांच्या वर्तनावर काम करणारे डॅनियल मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये मांडलं होतं, की वर्तनाच्या तक्रारीसाठी तज्ज्ञांकडे आलेल्या प्राण्यांपैकी सावधपणे धरलं तरी एक तृतीयांशांत कुठलं ना कुठलं दुखणं असतं. गडगडाटाची भीती मोठ्या वयात अचानक सुरू झाली तरी आधी सांधे तपासून घ्या. दचकताना अंग आवळतं, दुखरा सांधा कळवळतो, आणि मग आवाजाचीच धास्ती बसते.

सासूबाईंच्या 'रक्ता'बद्दल. त्यांना आदरानं एक सांगा. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एलिनॉर कार्लसन यांच्या गटाचा मोठा अभ्यास आला. अठरा हजारांवर कुत्र्यांच्या पालकांनी प्रश्नावल्या भरल्या होत्या आणि दोन हजारांवर कुत्र्यांची जनुकं वाचली होती. एका कुत्र्याचं वागणं दुसऱ्यापेक्षा वेगळं का, यातला जेमतेम ९ टक्के भाग जातीवरून सांगता आला. म्हणजे चिंगीच्या आईबापांची नावं कळली असती तरी तिच्या स्वभावाविषयी फारसं हाती लागलं नसतं. तिचा स्वभाव तुम्हीच लिहिलाय: अर्धं वर्तुळ करून वास घेते, पटला की पायाशी झोपते. सावध आणि मायाळू. पहिले दोन महिने उचलू दिलं, नंतर नाही, यातही स्वभाव बदललेला नाही. नव्या घरात कुत्री सुरुवातीला अंग चोरून राहतात. विश्वास बसल्यावर ती बोलायला लागली.

डॉक्टरांकडे जा. परत देण्याचा विचार तोवर बाजूला ठेवा, कळकळीनं सांगते.


उत्तर – पायवाट

मला हे सगळं जरा जास्त वाटतं. आमचा मिश्र जातीचा कुत्रा चौदा वर्षं जगला, लसी सोडल्या तर डॉक्टरांचं तोंड पाहिलं नाही. मिश्र जात काटक असते. आणि घरात वरचढ कोण हे कुत्र्याला कळलं पाहिजे. भाऊ चुकीचं सांगत नाहीये.


उत्तर – दवबिंदू

पायवाट, तुमचा कुत्रा चौदा वर्षं धडधाकट राहिला, छान झालं. पण त्यावरून चिंगीचा गुडघा बरा ठरत नाही. २०१३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेनं २७ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदी तपासून २४ आनुवंशिक आजारांची तुलना केली होती. दहा आजार शुद्ध जातीत जास्त होते, ते तुमच्या बाजूनं धरा. पण तेरा आजारांत काही फरकच नव्हता, आणि वाटी सरकणं त्या तेरांत आहे. गुडघ्याचा अस्थिबंध तुटणं तर मिश्र जातीतच जास्त निघालं.

दाबून धरण्याबद्दल मी गप्प बसू शकत नाही. दुखऱ्या जिवाला दाबून धरलं तर त्याला एवढंच कळतं की हे हात धोक्याचे. व्हिएन्नामध्ये बाराशेहून जास्त पालकांना विचारून केलेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. लहान कुत्र्यांचे पालक कमी शिकवतात, कमी खेळतात, एकदा एक आणि एकदा दुसरंच वागतात असं त्यात दिसलं. आणि जिथे शिक्षा वारंवार, तिथे अंगावर जाणं जास्त. लहान कुत्र्यांत त्याच्या जोडीला भीतीही. मी स्वतः गोटीला वर्षभर रागावले आहे. त्या वर्षाचं मला आजही वाईट वाटतं.


उत्तर – सावलीतलं झाड

मी बरीच वर्षं प्राण्यांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून काम केलंय. निदान डॉक्टरच करतील, मी फक्त जाण्याची तयारी सांगतो.

लंगडीचा व्हिडिओ घ्या, एक मागून आणि एक बाजूनं. टेबलावर भेदरलेलं कुत्रं पाय अगदी नीट टेकतं आणि मग घरच्यांनाच वाटतं की उगाच आलो. खातानाचाही व्हिडिओ घ्या. गुरगुरणं कधी सुरू झालं, कुठल्या बाजूनं उचलल्यावर जास्त, सकाळी की फिरून आल्यावर, हे कागदावर लिहून न्या. वाट बघायला बाकड्यावर गर्दी असेल तर बाहेर थांबा आणि नंबर आला की आत जा.

घरातली माणसांची वेदनाशामकं देऊ नका. आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल, कुठलंच नाही, अर्धी गोळीसुद्धा नाही. सात किलोच्या जिवाला त्यातून पोटात व्रण, मूत्रपिंड किंवा यकृत निकामी होणं इथपर्यंत मजल जाते. असे रुग्ण मी पाहिलेत, आणि प्रत्येक वेळी देणाऱ्यानं मायेनंच दिलेलं असतं.

दातांबद्दल. भूल न देता वरवर खरवडून देतो असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. दात चमकतात, पण रोग हिरडीच्या आत असतो आणि तो तसाच राहतो. भूल देऊन, दातांचे एक्स-रे काढून, हिरडीखाली साफ करणं हे खरं काम. त्याआधी रक्त तपासतात आणि छाती ऐकतात. लहान कुत्र्यांचा जबडा इवलासा, त्यात प्रौढ कुत्र्याचे ४२ दात मावायचे, म्हणून दाटी होते आणि कीट लवकर धरतं. नंतर रोज ब्रश, कुत्र्यांच्या पेस्टनं. माणसांची नको, ती कुत्रं गिळतं, आणि काहींत झायलिटॉल नावाचा साखरेऐवजीचा गोड पदार्थ असतो, तो कुत्र्यांना विषारी आहे. साखरेविना च्युइंगगममध्येही बरेचदा तोच असतो, मुलांची दप्तरं उंचावर ठेवा. द्राक्षं, मनुका, चॉकलेट, कांदा, लसूण हेही कुत्र्यांना विषारी. मोठ्या कुत्र्याला जेवढं निभून जाईल तेवढं लहान कुत्र्याला भोवतं.

गळ्यातला पट्टा नुसता ओळखपत्रापुरता ठेवा, दोरी हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला लावा. लहान कुत्र्यांची श्वासनलिका वयानुसार चपटी होऊ शकते, मग हंसाच्या ओरडण्यासारखा कोरडा खोकला येतो, आणि गळ्याला हिसका बसला की तो वाढतो.

७.४ वजन तिच्या चणीला जास्त आहे का, तेही विचारा. हात सपाट पसरून त्याच्या मागच्या बाजूवरून बोटं फिरवल्यावर जसं लागतं, तशा बरगड्या लागल्या पाहिजेत. तळहातासारखं मऊ लागलं तर वजन जास्त.


कातरवेळ

सगळ्यांचे आभार. शुक्रवारची वेळ घेतलीय. व्हिडिओ काढले. मागून काढलेला हळू करून पाहिला तेव्हा पाय वर घेण्याआधी ती गुडघा किंचित झटकते हे दिसलं. पाच महिने रोज बरोबर फिरते मी, आणि मला दिसलं नव्हतं.


कातरवेळ (सात आठवड्यांनी)

उशिरा लिहितेय. सांगण्यासारखं काही हाती आल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

डाव्या गुडघ्याची वाटी, दुसरी श्रेणी. उजवी पहिली. एक्स-रेमध्ये वरची उजवी मोठी दाढ मुळाशी फुटलेली, आणि पुढचे दोन दात हलत होते. तिन्ही काढले. शुद्धीवर आल्यावर ती माझ्या शालीवर डोकं ठेवून पडली होती, आणि डॉक्टरांनी काढलेली दाढ दाखवली तेव्हा मला रडू आवरलं नाही.

वजन ६.५ वर आणायचं आहे. दिवसाला साधारण २८५ कॅलरी, आणि खाऊ त्यातल्या दहाव्या भागाहून जास्त नाही, असं ठरवून दिलंय. खाणं आता काट्यावर मोजते. माप म्हणून जो पेला वापरत होते तो रोज वेगळा भरत होता, हे तेव्हा कळलं. काल वजन ६.९ भरलं. सोफ्याला फळीचा उतार लावलाय, त्यावर जुनं गालिच्याचं कापड ठोकलंय म्हणजे पाय सरकत नाही. गुळगुळीत फरशीवर तिच्या येण्याजाण्याच्या वाटेपुरत्या चटया घातल्यात.

गेल्या तीन आठवड्यांत लंगडी दोनदाच दिसली. तोंडाचा वास गेला. चटईवर न नेता भांड्यातूनच खाते.

उचलण्याचं अजून पूर्ण सुटलेलं नाही. दवबिंदूताई, तुम्ही कसं केलंत?


दवबिंदू

वाचून किती बरं वाटलं म्हणून सांगू. दुखणं गेलं तरी आठवण राहते, शरीर लगेच विसरत नाही. गोटीला चार महिने लागले.

आधी नुसता बरगडीला हात लावायचा, एक खाऊ द्यायचा, हात काढायचा. उचलायचं नाही. हात दिसल्यावर ती खाऊच्या आशेनं तुमच्याकडे बघायला लागली की पुढची पायरी: एक हात छातीखाली, एक ढुंगणाखाली, नुसता आधार, पंजे जमिनीवरच. मग पंजे एक बोटभर वर आणि लगेच खाली. प्रत्येक वेळी आधी एकच शब्द. मी 'उचलते' म्हणायचे. शब्द आला की तिला कळतं काय होणार आहे, आणि दूर जायला वेळ मिळतो. दूर गेली तर जाऊ द्यायचं, त्या दिवशी तेवढंच. पुढच्या पायांना किंवा काखेत धरून कधीच उचलू नका. आणि ज्याला जिना चढता येतो त्याला चढू द्या, उचलणं फक्त गरजेपुरतं ठेवा.

मुलीसाठी: तिनं खाली बसावं, हात मांडीवर ठेवावा, चिंगी आली तर छातीला तीन सेकंद कुरवाळून थांबावं. चिंगीनं नाक पुढे केलं तर पुन्हा. मान वळवली, ओठ चाटले, जांभई दिली, डोळ्यांचा पांढरा भाग दिसला तर हात मागे. नऊ वर्षांची मुलं हे मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात.

आणखी एक सवय आत्ताच लावून घ्या. ती गाढ झोपलेली असताना छाती वरखाली होते ते मिनिटभर मोजा आणि वहीत लिहा. तीसच्या आत असायला हवं. लहान कुत्र्यांत उतारवयात हृदयाची झडप जाड होऊन गळू लागते. गोटीच्या छातीत दहाव्या वर्षी डॉक्टरांना फुरफुर ऐकू आली. मग सोनोग्राफीत हृदय मोठं झालेलं दिसलं म्हणून पिमोबेंडन हे हृदयाचं औषध सुरू झालं. २०१६ मध्ये आलेल्या 'एपिक' नावाच्या औषधचाचणीत, हृदय मोठं झालेलं पण अजून लक्षणं नसलेल्या कुत्र्यांत या औषधानं आजार बळावणं सरासरी सव्वा वर्ष पुढे गेलं होतं. गोटीला तीन वर्षं झाली. चिंगीला याची आज काळजी नको. पण तिचा नेहमीचा आकडा माहीत असला की पुढे तो वाढला तर तुम्हाला सगळ्यात आधी कळेल.


कातरवेळ

आज दुपारी मोजले. १९.

आणि काल एक झालं. मुलीनं 'उचलते' म्हटलं, हात पुढे केला, आणि चिंगी हलकेच गुरगुरली. दोन महिन्यांनी पहिल्यांदा तो आवाज ऐकला. मुलगी लगेच हात मागे घेऊन म्हणाली, "बरं, नको." चिंगी दोन पावलं गेली, थांबली, अर्धं वर्तुळ करून परत आली आणि तिच्या मांडीला पाठ लावून बसली. सासूबाई शेजारीच होत्या. त्या म्हणाल्या, "बोलली की ती."